आपण दुबईले विकलं

वसंतराव ढोके साहेबांच्या एकसष्टीचा गौरव अंक निघतो आहे. समितीतले एक गृहस्थ घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "वंदनाताई, तुम्ही साहेबांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. तुमच्याइतकं साहेबाईले जवळून कोणी पाह्यलं नाही. दोन पानं लिहून द्या. चांगलं चांगलं लिवा." मी हो म्हणाले. दोन पानांत मावणार नाही आणि चांगलं चांगलं तर अजिबातच येणार नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. पाहुणा चहा पीत होता, त्याचा घोट कडू कशाला करा. आमच्या सासूबाई म्हणतात, या बाईची जीभ भिवापुरी मिरचीत मुरवलेली आहे. असेल बापा. ही पानं अंकात जाणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

साहेब दिसायला देखणे. गोरे, ठेंगणे, कपाळावर अष्टगंधाचा टिळा, पांढरा शर्ट, आणि डोक्यावर परदेशी कंपनीची निळी टोपी. ही टोपी उन्हात असायची, सावलीत असायची, लग्नात असायची. एकदा आमच्या वॉचमनच्या बापाच्या मयतीला आले तेव्हा चपला काढल्या, टोपी नाही काढली. खिशात बडीशेपेची डबी. कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की साहेब आधी डबी उघडायचे, विचारणाऱ्याच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवायचे आणि मग बोलायचे. बडीशेप चघळणारा माणूस भांडत नाही, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं.

आवाज कधी चढला नाही. शिवी कधी दिली नाही. गावात याचं फार कौतुक. "ढोके साहेब म्हणजे देवमाणूस, शिवी नाही तोंडात!" अहो, शिवी देणारा बरा. त्याला उलटून शिवी तरी देता येते. हा माणूस "बेटा, बेटा" करत तुमच्या गळ्याभोवती दोरी आवळायचा आणि तुम्ही म्हणायचं, साहेबांचा हात किती मऊ.

कारखाना आमचा केळापूरच्या अलीकडे, हायवेला लागून. मुळात ती कापसाची, बंद पडलेली जिनिंग. छताच्या पत्र्याला जुन्या रुईची जळमटं अजून लटकत होती. साहेब तिथे आधी शेतातल्या मोटारी आणि जिनिंगचे रोलर दुरुस्त करायचे. मग कुठून तरी युरोपातली एक पंपांची कंपनी त्यांना येऊन चिकटली. हे पंप म्हणजे आपल्या विहिरीवरचे नव्हेत. बैलगाडीएवढे मोठे, तेलाच्या रिफायनरीत लागतात ते. त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वकील येईल. शिवाय ते नाव पुसणं हाच तर आमचा धंदा होता.

हो, नाव पुसणं. झालं असं की, इराणवर पश्चिमेकडच्या देशांनी बंदी घातली. आमच्या कंपनीनं लगेच जगजाहीर केलं की आम्ही तिथला सगळा व्यापार थांबवला, आम्ही नीतीनं चालणारी माणसं. आणि मग आमच्या जिनिंगमध्ये पेट्या यायला लागल्या. कागदावर लिहिलेलं, "दुरुस्तीसाठी." आत पंप नवेकोरे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोरीला बाळंतपणाला माहेरी आणावं, तसे हे पंप दुरुस्तीला यायचे! आमची माणसं ग्राइंडर घेऊन बसायची आणि लोखंडावरची कंपनीची ओतीव अक्षरं घासून सपाट करायची. वर राखाडी रंग, त्यावर ढोके साहेबांच्या नावाची पितळी पाटी. पेटी बंद. ट्रक मुंबईला, मुंबईहून जहाज दुबईला.

"साहेब, हे पंप दुबईत लावतात काय?" मी एकदा विचारलं. डबी उघडली. तळहातावर बडीशेप आली.

"वंदनाताई, तुम्ही बाजारात वांगे विकता. त्या वांग्याची भाजी कोणाच्या घरी झाली, विचारत फिरता काय?"

"मी वांगी विकत नाही, साहेब."

"विकत असत्या तं! आपण दुबईले विकलं. दुबईनं कोणाले विकलं, ते दुबईले विचारा." आणि वर, "अन् बंदी त्याईची हाय. आपल्या सरकारची नाही. आपण कायले भ्यायचं?"

आता हे शेवटचं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. बंदी घालणारे शहाणे की मोडणारे, याचा निवाडा करायला मी कोण? तिकडच्या लोकांच्या चुली विझाव्यात असं मला कधी वाटलं नाही. विकायचं आहे ना, मग छाती पुढे काढून नाव लावून विका. पण तिकडे गोऱ्यांनी सभेत हात जोडून म्हणायचं की आम्ही त्या गावचेच नाही, आणि इकडे पांढरकवड्याच्या पोरांनी तोंडाला फडकी बांधून लोखंडाचा भुसा गिळत त्यांचं नाव खरवडायचं! याला मी व्यापार म्हणत नाही. याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे, तो गौरव अंकात चालत नाही.

वर्षातून एकदा त्या कंपनीचा एक गोरा साहेब नीतीचे धडे द्यायला यायचा. उंच, लालबुंद, सतत हातांना सॅनिटायझर चोळणारा. शेडमध्ये पडदा बांधायचा, माणसं ओळीनं खाली बसवायची आणि त्यानं इंग्रजीत सांगायचं. पडद्यावर इराणचा नकाशा, त्यावर लाल फुली. एका वर्षी त्याच्या पाठीमागे ताडपत्रीखाली तीन पेट्या उभ्या, इराणलाच निघालेल्या. गोरा पोटतिडकीनं म्हणाला, बंदी असलेल्या देशाशी व्यवहार करणं हा गुन्हा आहे, तुम्हाला असं काही दिसलं तर ताबडतोब आम्हाला कळवा. ढोके साहेब शेजारी हात बांधून उभे, दुभाषे. त्यांनी मराठी केलं, "साहेब म्हणून राह्यले का हेल्मेट घालत जा. अन् जेवणाआधी हात धूत जा."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला थोडंफार इंग्रजी येतं. मी गोऱ्याकडे बघत होते. त्याचं व्याख्यान एवढं लांबलचक आणि भाषांतर एवढंसं, हे त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालं, पेटी दिसली, पेटीवर दुबईचा पत्ता दिसला. गोऱ्यानं ते पाहिलं आणि मान वळवून विचारलं, इथे जवळ कापसाचं शेत आहे का, मला फोटो काढायचा आहे. साहेबांनी त्याला शेजारच्या शेतात उभं केलं. हातात बोंड धरून हसतानाचा त्याचा तो फोटो पुढे कंपनीच्या मासिकात आला. खाली लिहिलेलं, आमचे भारतातले प्रामाणिक भागीदार.

हे असंच चाललं असतं. घोटाळा केला तो साहेबांच्या भक्तीनं. साहेब भारी देवभोळे. कारखान्याच्या फाटकातून पूजा केल्याशिवाय खिळा बाहेर जाऊ देत नसत. खंडेनवमीला तर विचारू नका. लेथ, ड्रिल, क्रेन, पाने, हातोडे, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचे हार. त्या वर्षी खंडेनवमीला एक मोठी ऑर्डर तयार होऊन उभी होती. आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी. साहेबांनी हायवेवरून ट्रक रंगवणारा पेंटर बोलावून आणला आणि प्रत्येक पंपाच्या पोटावर लाल ऑइल पेंटनं लिहून घेतलं: "शुभ लाभ." सुंदर अक्षर हो त्या पेंटरचं. दोन्ही बाजूंना फुलंही काढली त्यानं.

खरं म्हणजे त्यावर राखाडी रंगाचा शेवटचा हात बसायचा होता. रंगवणारी पोरं फवारा घेऊन आली तर साहेबांनी कानांवर हात ठेवले. "अबे बह्याडांनो, देवाच्या अक्षरावर रंग मारता काय? पाप लागन!"

फोरमन म्हणाला, "साहेब, तिकडे कोणाले दिसलं तं?"

"दिसू दे ना. शुभच लिवलं, काही वंगाळ तं नाही लिवलं?"

परदेशातल्या सगळ्या वकिलांनी मिळून, ग्राइंडर लावून, पाट्या बदलून जे झाकलं होतं, ते साहेबांनी लाल रंगात मराठीत लिहून धाडून दिलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनापासून मानते.

आता सलीमचं सांगते. सलीम आमचा फिटर. मूळ फुलसावंगीचा, घर पांढरकवड्यात. बायको नसरीन शिवणकाम करायची, एक मुलगी शाळेत. सलीम कामाला चोख, बोलायला कमी, जेवताना डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटणारा. पंप तिकडे पोचले, पण ते बसवायला माणूस हवा. एरवी कंपनीचे गोरे इंजिनिअर जायचे. आता बंदी, ते कसे जाणार? त्यांची नोकरी जाईल, नाव जाईल. तेव्हा कंपनीनं ढोके साहेबांच्या कानात सांगितलं आणि ढोके साहेबांनी सलीमला केबिनमध्ये बोलावून बडीशेप दिली.

साहेबांनी स्वतः का नाही जायचं? त्यांना बीपी होतं. सलीमला पर्यटक म्हणून इराणला पाठवलं. जगात पाने आणि टॉर्क रेंच घेऊन देश बघायला जाणारा तो एकटाच पर्यटक असेल. निघायच्या दिवशी साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "बेटा, फॉरेन पाहून राह्यला तू! आमचं नशीब नाही तसं." सलीम हसला. नसरीन नाही हसली. तिनं विचारलं, "वापस कवा येतीन?" साहेब म्हणाले, "पंप फिरला का सलीम फिरला."

पंप फिरले. सलीम फोनवर सांगायचा, ताई, माणसं फार चांगली आहेत इथली. तिथला एक म्हातारा फोरमन होता, तो शुक्रवारी त्याला घरी जेवायला न्यायचा, भात आणि मटण वाढायचा, आणि सलीम लाजला की आणखी वाढायचा. पण एक अट होती. सलीमचा पासपोर्ट त्या रिफायनरीवाल्यांनी ठेवून घेतला होता. का तर यापूर्वी परदेशी इंजिनिअर येऊन, अर्धं काम टाकून, रातोरात पळाले होते. तेव्हा पंप सुरळीत चालले की पासपोर्ट मिळेल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना फार दोष देत नाही. ताकही फुंकून प्यायची वेळ कुणी आणली होती त्यांच्यावर?

थोड्याच दिवसांत पंपांची सील, म्हणजे तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेल्या कड्या, गळायला लागली. असं होतं, त्यासाठी जादा सील लागतात. ती आमच्याकडे आलेली होती. जेवणाच्या डब्याएवढं खोकं, माझ्याच स्टोअरमधल्या रॅकवर. पुढच्या खेपेला ते दुबईला जायचं, तिथून सलीमकडे, सील बसली की सलीम घरी. एवढं सोपं होतं ते.

आणि तेवढ्यात तो फोटो फुटला. तिथल्या कोण्या हौशी पोरानं पंपासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला. ती लाल अक्षरं आणि फुलं त्याला आवडली असणार. फोटो मोबाइलवरून फिरत फिरत युरोपातल्या कोण्या पत्रकारापर्यंत गेला. त्या पंपाचा आकार जाणकार लगेच ओळखतात म्हणे, दुसरी कोणी कंपनी तसा बनवतच नाही. पण त्याच्या पोटावर ही कोणती लिपी? मग त्यांनी ती वाचून घेतली, आणि तिकडच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आमचं "शुभ लाभ" छापून आलं.

कंपनीला धक्का बसला. तसं त्यांनी पत्रकच काढलं. आम्हाला तीव्र धक्का बसला आहे, भारतातल्या भागीदारानं आमच्या नकळत हे केलं आहे, आम्ही त्याच्याशी संबंध तोडत आहोत. प्रामाणिक भागीदार एका दिवसात "नकळत करणारा" झाला! बोंड हातात धरून हसणाऱ्या गोऱ्यानंच त्या पत्रकावर सही केली होती. साहेबांचे फोन उचलणं बंद झालं. नागपूरचा एक वकील आला आणि सांगून गेला की आता या कारखान्यातून इराणकडे एक वायसरही जाता कामा नये. गेला तर आधीचं सगळं तुम्हीच केलं हे सिद्ध होईल.

साहेबांनी त्या दिवशी माझ्या रॅकवरचं खोकं उचललं, केबिनमध्ये नेलं आणि कपाटात घालून किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली. आणि मला म्हणाले काय, "त्या सलीमनं फोटो काहून काढू देल्ला? जबाबदारी म्हून काही असते का नाही माणसाले?"

मी म्हणाले, "अन् लिहून कोणी घेतलं होतं?"

साहेबांनी डबी उघडली. मी हात पुढे केला नाही.

नसरीन रोज यायला लागली. शिवणाचं काम टाकून, मुलीला शेजारी ठेवून, ऑफिसच्या व्हरांड्यात येऊन बसायची. साहेब तिला कधी हाकलून देत नसत. उलट चहा पाठवायचे. येताजाता तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, "येईन बेटा, येईन. वरच्याची मर्जी." एक दिवस तर कमाल केली. सलीमच्या सुटकेसाठी हायवेवरच्या मारुतीला अभिषेक घातला. वर्तमानपत्रवाल्याला बोलावलं, फोटो काढला, आणि प्रसादाचा द्रोण घेऊन स्वतः व्हरांड्यात आले. मी दारातच उभी होते.

नसरीननं उठून दोन्ही हातांनी प्रसाद घेतला. कपाळाला लावला. मग म्हणाली, "साहेब, दुआ तं मीबी करून राह्यली. माझी सासू करते, पोट्टी करते. दुआ आमच्याजवळ भल्ली हाय. तुमच्याजवळ खोकं हाय, ते द्या."

साहेब गडबडले. "बेटा, तुले समजत नाही. वकील नाही म्हणते. खोकं गेलं तं सगळं सिद्ध होते."

"तं होऊ द्या ना सिद्ध! खोटं हाय काय?"

"असं नाही ना बेटा. कारखाना हाय, एवढे माणसं पोसतो मी."

"मंग माझ्या माणसाले का मोजत नाही त्याच्यात? त्याले तुमी धाडलं. मी नाही धाडलं, वकिलानं नाही धाडलं. तुमचा पोट्टा असता तिथं तं असे कुलूप लावून बसले असते काय?"

साहेबांचा मुलगा कॅनडात. साहेब हळूच म्हणाले, "असं अशुभ बोलू नये, बेटा."

तेव्हा मात्र नसरीनचा आवाज फुटला. "अशुभ? मेरा आदमी वहाँ अटका है, और तुमको बात अशुभ लगती है?" शेडमधली माणसं काम थांबवून बघायला लागली. ग्राइंडर बंद झाले. साहेबांनी टोपी नीट केली, "बाईची तब्येत बरी नाही, हिले घरी सोडा," असं ड्रायव्हरला सांगितलं आणि केबिनमध्ये गेले. नसरीन गाडीत बसली नाही. हायवेच्या कडेनं चालत पांढरकवड्याला गेली. मी तिच्या मागोमाग निघाले, पण ती अशा झपाट्यानं चालत होती की मला गाठता आली नाही.

मी त्या दिवशी साहेबांशी भांडले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणाले, ते खोकं मला द्या, मी पोस्टात टाकते, माझ्या नावानं सिद्ध होऊ द्या काय व्हायचं ते. साहेब म्हणाले, तुम्ही भावनेत वाहून राह्यल्या. मी म्हणाले, हो, मला भावना आहेत, तुम्ही त्याची काळजी करू नका. साहेब पाणी प्यायले. किल्ली जानव्यालाच राहिली.

महिन्यांमागून महिने गेले. सलीमचे फोन कमी झाले. आवाज बारीक झाला. तिथली माणसं अजूनही चांगलीच होती, म्हातारा फोरमन अजूनही जेवायला न्यायचा, पण पासपोर्ट काही त्याच्या हातात नव्हता. नसरीन व्हरांड्यात यायची बंद झाली. दिल्लीला अर्ज, यवतमाळला कलेक्टर कचेरी, उमरखेडला कोणी पुढारी आला तर त्याच्या गाडीपुढे, असं तिचं चाललं होतं. सगळे अर्ज घ्यायचे. घेतात ते. अर्ज घ्यायला काय जातं?

आणि एके दिवशी ती माझ्या घरी आली, दारातूनच ओरडत, "ताई, सील आले! सील आले तिकडे!"

मला वाटलं, साहेबाला पाझर फुटला. "साहेबांनी पाठवली?"

"कायचे साहेब! तुर्कस्तानातून आले म्हणते. सलीमनं खोकं उघडलं तं तेच सील. तोच निळा कागद, तेच पॅकिंग. कंपनीचं नाव घासलेलं, अन् वर कोण्या दुसऱ्याचीच पाटी."

मला आधी हसू आलं, मग संताप आला. म्हणजे इकडे धक्का बसल्याचं पत्रक काढून, आम्हाला लाथ मारून, कंपनीनं दुसऱ्या देशात दुसरी शेड शोधली होती. तिथेही कोणी ढोके साहेब असेल. तिथेही पोरं तोंडाला फडकी बांधून ग्राइंडर चालवत असतील. सलीमसाठी नव्हे हो. सलीम कोण हे त्या कंपनीला ठाऊकही नसेल. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून. पण सील आली, ती सलीमनं बसवली, पंप चालले आणि पासपोर्ट मिळाला. माझ्या नसरीनचा नवरा सुटला तो असा, चोरट्या धंद्याच्या कृपेनं. मी देवाला साखर ठेवली, पण खरं सांगते, देवाकडे बघायची मला लाज वाटली.

पासपोर्ट मिळाल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, माणूस आहे, सुटकेचा निःश्वास टाकेल. साहेब खुर्चीतून अर्धे उठले, "तुर्कस्तानात? कोणाले देल्लं काम?"

"मला काय माहीत. सलीम येतो आहे, साहेब."

"म्हंजे माल चालूच हाय त्याईचा?" ते परत बसले. टोपी काढून टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं टक्कल पाहिलं. आणि साहेब रडायला लागले. खरोखरचे अश्रू, शर्टावर पडत होते. "मी एवढं इमान राखलं, वंदनाताई. सगळं नाव मी माह्यावर घेतलं. अन् धंदा दुसऱ्याले देल्ला." नसरीन व्हरांड्यात बसली होती तेव्हा या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

पण साहेब असे तसे खचणारे नव्हेत. सलीम येणार त्या दिवशी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर सकाळीच फ्लेक्स लागला. "परदेशात अडकलेल्या सलीमची सुखरूप सुटका. ढोके साहेबांच्या अथक प्रयत्नांना यश." मधोमध साहेब, टोपीसकट, हात जोडलेले. कोपऱ्यात सलीमचा जुना पासपोर्टवरचा फोटो, गुबगुबीत, काळ्याभोर केसांचा. खाली शुभेच्छुकांची नावं. नसरीननं तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आज नको. आज फक्त त्याला बघ." ती म्हणाली, "हो ताई, आज नाही."

साहेब आले. गुलाबाचा भलाथोरला हार, बँडवाले, वर्तमानपत्रवाला, कारखान्यातली माणसं. मुंबईहून रेल्वेनं नागपूर आणि तिथून एसटी, असा सलीमचा प्रवास होता. बस फलाटाला लागली तसा बँड सुरू झाला. साहेब हार उघडून बसच्या दाराशी जाऊन उभे राहिले. फोटोवाल्याला म्हणाले, हार घालतानाचा घे.

माणसं उतरायला लागली. एक म्हातारी, तिची नात, कॉलेजची दोन पोरं. मग एक वाळलेला माणूस उतरला. केस पांढरे, गाल आत गेलेले, अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा असावा एवढा ढगळ. हातात रेक्झिनची बॅग. मी त्याच्या पाय टाकण्यावरून ओळखलं. नसरीननं माझ्या आधी ओळखलं, कारण माझा हात तिनं इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. मुलगी "अब्बू" म्हणाली, पण बँडमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही.

सलीम मोठा सभ्य माणूस. बायको-मुलगी समोर दिसत असताना तो आधी मालकासमोर थांबला. बॅग खाली ठेवली, साहेबांना सलाम करायला हात कपाळाकडे नेला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून बसच्या दाराकडे पाहिलं. दोन्ही हातांत हार तसाच उघडलेला. नेहमीच्या मऊ आवाजात ते म्हणाले, "भाऊ, जरा बाजूले व्हा. आमचा सलीम उतरून राह्यला."

सलीमनं हात खाली घेतला, बॅग उचलली आणि तो बाजूला झाला.